बॅटरीचं बारसं

अन्सेल्मो दिमानोच्या घरी गेलं वर्षभर जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून सगळं काही होतं. वायरींची भेंडोळी, पकडी, तांब्याच्या पट्ट्या आणि त्या पसाऱ्यामागे चष्मा कपाळावर चढवून बसलेला अन्सेल्मो. त्याची बायको लुदिविना आणि सासू नानाय ओसांग ताटल्या घेऊन मागच्या पायरीवर जेवायला बसत. आधी त्या तात्पुरत्या म्हणून बसल्या होत्या, मग तिथे बस्करं आली.

छपरावर सूर्याचे पॅनल, खाली बॅटऱ्यांचा साठा आणि गावच्या विजेला कायमचा रामराम, असा अन्सेल्मोचा बेत होता. बेत आखण्यात त्याचा हात धरणारा माणूस सगळ्या मिंदोरो बेटावर नव्हता. उभी हयात त्याने मालवाहू जहाजांच्या इंजिनांना तेलपाणी करण्यात घालवली होती. वादळातही इंजिन बंद पडू न देणाऱ्या माणसाला गावची वीज हवं तेव्हा अंधारात बसवते, हा त्याला स्वतःचा अपमान वाटायचा. बाकीच्या गावाला ती फक्त गैरसोय वाटायची.

पण खरं दुखणं फ्रीजरचं होतं. लुदिविना डुकराच्या मांसाचं गोड तोसिनो आणि लसणाची लोंगानिसा सॉसेजं घरी करून विकायची. गेल्या मे महिन्यात गावच्या सणाच्या ऐन तोंडावर वीज गेली, ती सण उलटून गेल्यावरच आली. भरलेला फ्रीजर नासला. लुदिविनाने ते सगळं मांस परसात खड्डा करून पुरलं आणि पुरताना ती रडली. एरवी ती मयतालासुद्धा न रडणारी बाई. अन्सेल्मोच्या ते फार जिव्हारी लागलं.

"पुढच्या सणाला तुझा फ्रीजर क्षणभरसुद्धा बंद पडणार नाही," तो म्हणाला.

"पडला तर मी फ्रीजर उचलून कालापानला बहिणीकडे जाईन," लुदिविना म्हणाली. थोड्या वेळाने तिने पुढचंही सांगून टाकलं. "आणि परत फक्त फ्रीजर पाठवीन."

तेव्हापासून अन्सेल्मोने कशाचा म्हणून विचार करायचा बाकी ठेवला नाही. समुद्र हाकेच्या अंतरावर होता, तेव्हा खाऱ्या वाऱ्याने तांबं गंजणार. उन्हाने बॅटऱ्या तापणार. मुंग्या घुसणार, पाली घुसणार. या सगळ्यांवर त्याने एकच उपाय काढला. बंद पडलेल्या एका खानावळीतलं दोन दारांचा भलामोठा मेलेला फ्रीज तो ओढत घरी घेऊन आला. आतली यंत्रं काढून टाकली, दारांना नवं रबर बसवलं, भिंतींत आणखी थर्माकोल ठासला आणि सांधे मेणाने लिंपले. खालच्या मोठ्या कप्प्यात बॅटऱ्या, वरच्या छोट्या कप्प्यात इन्व्हर्टर. इन्व्हर्टरला हवा लागते म्हणून वरच्या दाराला भोकं पाडून त्याने मुंगी शिरणार नाही अशी जाळी लावली. खालचा कप्पा मात्र असा बंद झाला की दार लावल्यावर सासूबाईंचं बोलणंसुद्धा आत जाणार नाही, असं तो अभिमानाने सांगायचा. सासूबाई नसताना सांगायचा.

शेजारच्या बेर्तिंगने एकदा दबकत विचारलं होतं की पारे, वीज गेली की तुझ्याकडून एक वायर माझ्या पंख्यापुरती मिळेल का. दोघं लहानपणापासूनचे मित्र, एकमेकांना पारे म्हणणारे, एकाच्या पोराला दुसऱ्याने मांडीवर घेऊन चर्चमध्ये नाव ठेवलेलं. पण अन्सेल्मोने त्याला बसवून घेतलं आणि किती पॅनल, किती ऊन, किती खर्च, सगळं समजावून सांगितलं.

"तुझा पंखा माझ्या बेतात बसत नाही, पारे," शेवटी तो म्हणाला.

बेर्तिंग चहा न घेताच उठून गेला.

सण परवावर आला तेव्हा पॅनल चढले होते, बॅटऱ्या भरल्या होत्या, आणि लुदिविनाचा फ्रीजर सगळ्या गावच्या मागणीचं तोसिनो पोटात घेऊन नव्या विजेवर घुंघुं करत होता. सकाळीच अन्सेल्मोने सगळ्या घराची जोडणी तिकडे वळवली होती. काम संपलं होतं. पण नानाय ओसांग म्हणाल्या की फादरनी पाणी शिंपडल्याशिवाय काम संपत नाही.

अन्सेल्मोची हरकत नव्हती. तो काही फार भाविक नव्हता, पण जहाजावर प्रत्येक पंपाला एक जादा पंप ठेवायची त्याला सवय होती. आशीर्वाद हा त्याला तसाच एक जादा पंप वाटला. मात्र आशीर्वाद एकटा येत नाही. आशीर्वाद म्हटलं की धर्ममाता आली, आणि बॅटरीची धर्ममाता व्हायला गावच्या मुख्य कापिताना बेनिल्दाबाई आनंदाने तयार झाल्या. कापिताना म्हटलं की लोक आले, लोक म्हटलं की पानसितच्या शेवया आल्या, आणि शेवया शिजेपर्यंत काहीतरी कापायचं म्हणून फीत आली. इथे अन्सेल्मोला सुचलं. फीत कशाला? गावच्या विजेची घरात येणारी तारच कापू.

"कापू नकोस," लुदिविना म्हणाली. "नुसतं बटण बंद कर. तार राहू दे."

"तार ठेवली की माणसाचं मन डळमळतं," अन्सेल्मो म्हणाला.

शनिवारी दुपारी सगळं अंगण भरलं. अन्सेल्मोने आधी ओळखीच्या वायरमनकडून खांबावरचा जोड काढून घेतला, मग त्या निर्जीव तारेला लाल फुलं बांधून कापिताना बेनिल्दाबाईंच्या हाती मोठी कात्री दिली. तार कापली गेली. टाळ्या पडल्या. घरातला पंखा फिरतच राहिला आणि फ्रीजर घुंघुं करतच राहिला, तेव्हा तर जास्तच पडल्या. बेर्तिंगने हाताची घडी सोडली नाही. अन्सेल्मोने ते पाहिलं आणि त्याला बरं वाटलं, हे सांगायलाच हवं.

मग फादर सेवेरिनो पुढे झाले. वयस्कर माणूस, जुन्या रीतीचे. पाण्यावर प्रार्थना म्हणायचे, मिठावर वेगळी म्हणायचे, आणि मीठ सढळ हाताने पाण्यात घालायचे. त्यांनी पितळी शिंपडणं बादलीत बुडवलं आणि बंद दाराकडे रोखलं.

"थांबा, फादर," नानाय ओसांग मध्येच म्हणाल्या. "अरे, दार उघड. दारावर पाणी टाकलं तर आशीर्वाद दाराला लागेल."

"नानाय, आत विजेचं काम आहे."

"बेर्तिंगच्या तीनचाकीला बाहेरूनच पाणी लावलं होतं. महिन्याभरात इंजिन बसलं, नवं घालावं लागलं. पत्रा अजून चकचकीत आहे, बघ."

लोकांनी माना डोलावल्या. बेर्तिंगलाही डोलवावी लागली, कारण गोष्ट खरी होती. अन्सेल्मोने फादरच्या हातातलं शिंपडणं पाहिलं. छोटंसं होतं. दोन थेंब पडतील, असं तो मनाशी म्हणाला, आणि ज्या दाराची जाळी मुंगी शिरू नये म्हणून तीनदा बदलली होती, ते वरचं दार त्याने स्वतःच्या हाताने सताड उघडलं.

पण फादर सेवेरिनोंना अन्सेल्मोबद्दल माया होती. त्यांनी हात मागे नेला आणि गावातल्या नव्या होड्यांना देतात तसा चिंब आशीर्वाद दिला.

इन्व्हर्टरने एकदाच 'ठप्' केलं. मग निळा उजेड, मग धूर. पंखा हळूहळू थांबला. शेवयांच्या पातेल्यावरचं झाकण काढायला गेलेली बाई हात तसाच ठेवून उभी राहिली. घरातून येणारी घुंघुं बंद झालेली सगळ्यांनाच ऐकू आली, आणि लुदिविनाला सगळ्यांच्या आधी.

"आमेन," फादर म्हणाले, कारण प्रार्थना तेवढीच राहिली होती.

लोक शेवया खाऊन गेले. अशा वेळी न खाता जाणं बरं दिसत नाही. वायरमन म्हणाला की जोड पुन्हा द्यायचा तर कार्यालयात जावं लागेल आणि कार्यालय आता सण झाल्यावर उघडेल. अन्सेल्मोने इन्व्हर्टर उघडून पाहिला आणि परत बंद केला. जगातल्या सगळ्या मिठाशी लढायची त्याची तयारी होती, फक्त चर्चमधलं मीठ बेतात नव्हतं. त्या दिवशी गावात वीजही अशी होती की काय सांगावं. सगळी आळी लखलखत होती, समोरच्या घरात तीन जण माइक धरून गात होते आणि फक्त अन्सेल्मोच्या घरात काळोख होता.

तो कुंपणाशी गेला.

"पारे," तो म्हणाला. "एक वायर मिळेल का?"

बेर्तिंगने हाताची घडी सोडली. मग खुर्ची पुढे सरकवून म्हणाला, "बस. आधी खर्च समजावून सांग."

अन्सेल्मो बसला. त्याने फ्रीजर किती ओढतो ते सांगितलं. बेर्तिंगला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी त्याने सगळं दोनदा सांगायला लावलं, अधूनमधून मान हलवून कठीण आहे म्हणाला, आणि मग वायर दिली. चहाही दिला. अन्सेल्मो तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

कुंपणावरून वायर आली, फ्रीजर पुन्हा घुंघुं करू लागला, आणि थोड्याच वेळात, सणाच्या आदल्या दिवशी दरवर्षी जाते तशी, सगळ्या गावची वीज गेली. समोरचं गाणं मध्येच तुटलं.

अन्सेल्मो अंधारात पायरीवर जाऊन बसला. घरात लुदिविना मेणबत्ती घेऊन कपाटं उघडत होती, त्याला वाटलं बॅग शोधते आहे. ती बाहेर आली तेव्हा मात्र हातात कालापानची बॅग नव्हती.

"तुझ्या त्या पेटाऱ्यात गारवा किती वेळ टिकेल?" तिने विचारलं.

"कसला गारवा?"

"तूच म्हणालास ना, उन्हाची झळ आत जात नाही. मग आतली थंडी बाहेर कशी येईल?"

अन्सेल्मो पायरीवरून उठला. वर्षभर त्याने त्या फ्रीजवर जीव ओतला होता आणि तो फ्रीज आहे हेच तो विसरून गेला होता.

त्याने खालच्या कप्प्यातल्या बॅटऱ्या सोडवल्या, एकेक करून बाहेर आणल्या आणि जेवणाच्या टेबलाखाली रचल्या. बेर्तिंग न सांगता तीनचाकी काढून धक्क्यावर गेला आणि मासेवाल्यांकडून बर्फाच्या लाद्या घेऊन आला. खाली बर्फ, त्यावर तोसिनो, मग लोंगानिसा, वर पुन्हा बर्फ. लुदिविनाने दार लावलं. रबर चपखल बसलं.

दुसऱ्या दिवशीही सबंध गावात वीज नव्हती. फ्रीजमधलं नासेल म्हणून लोकांनी आदल्या रात्रीच घरातलं शिजवून संपवलं होतं, त्यामुळे सणाच्या दिवशी थंडगार ताजं मांस फक्त एकाच दारात मिळत होतं. दुपारपर्यंत पेटारा अर्धा रिकामा झाला. बर्फ अजून होता. गिऱ्हाईक ओसरलं तेव्हा लुदिविनाने जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा हाताने साफ केला, तिथे ताटली ठेवली आणि नवऱ्याला हाक मारली. वर्षभरात आज पहिल्यांदा तो त्या टेबलावर जेवला.

जेवण चालू असतानाच फादर सेवेरिनो आले. चेहरा उतरलेला, काखेत शिंपडण्याची बादली. त्यांना रात्रभर झोप नव्हती.

"चालतंय का रे यंत्र?" त्यांनी विचारलं.

"उत्तम चालतंय, फादर," लुदिविना म्हणाली. "वीजसुद्धा लागत नाही."

फादरना ते नीटसं कळलं नाही, पण ते सुखावले. म्हणाले, काल प्रार्थना घाईत झाली होती, आलोच आहे तर आज पुन्हा एकदा व्यवस्थित करतो. त्यांनी बादलीत हात घातला. अन्सेल्मो ताटावरून उठला, धावत गेला आणि पाठ टेकून पेटाऱ्याच्या दारासमोर उभा राहिला.

पायरीवरून नानाय ओसांगनी लोंगानिसा चावता चावता मान वळवली.

"सरक बाजूला," त्या म्हणाल्या. "आता आत पाण्याला भिणारं काही नाही."