‘बायजेचे माहेर’ : मूळ प्रत दुरुस्त करण्याबाबत

सन १९५४ च्या फेब्रुवारीत धुळ्यातील आमच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाने एकमताने ठराव केला की, अभिजात वाङ्मयावरून निघालेल्या बोलपटांपैकी सर्वोत्तम कोणता आणि सर्वात निकृष्ट कोणता, याचा एकदा कायमचा निकाल लावावा. हा निकाल लागल्यावाचून पश्चिम खानदेशातील जनतेचे काही अडले होते असे नव्हे. परंतु जळगावकरांनी मागल्या वर्षी वक्तृत्वस्पर्धा घेतली होती आणि त्यांना काहीतरी उत्तर देणे भाग होते. मी मंडळाचा कार्यवाह, म्हणून निर्णय समितीचाही कार्यवाह झालो.

अध्यक्ष झाले लीलाधरशेठ. त्यांची जिनिंग फॅक्टरी आहे आणि गावातल्या एका टॉकीजमध्ये अर्धी भागी आहे. कापूस, साहित्य आणि बोलपट या तिन्हींकडे ते सारख्याच नजरेने पाहतात, त्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल कोणी शंका काढली नाही. कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका कुंदाबाई यांना स्त्रीसभासद म्हणून घेतले. उरलेले दोघे गणपूर्तीपुरते होते. त्यांनी ते काम शेवटपर्यंत चोख बजावले.

सर्वोत्तम ठरवायला चहा निवेपर्यंतसुद्धा वेळ लागला नाही. ‘बायजेचे माहेर’ हा बोलपट शेठच्या टॉकीजमध्ये अकरा आठवडे चालला होता. भुसावळचे रेल्वेवाले रजा टाकून तो पाहायला आल्याचे सांगतात. अडचण निकृष्टाची होती. ज्याचे नाव घ्यावे तो बोलपट कोणत्या ना कोणत्या वितरकाचा निघे, आणि वितरक रागावला म्हणजे दिवाळीला शेठना नवा बोलपट मिळणार नाही.

“निकृष्ट असा शोधा,” शेठ म्हणाले, “की ज्याच्या मागे रागवायला कोणी नाही.”

तो शोध पुढील सभेवर टाकला. दरम्यान नियम क्रमांक चार आडवा आला. निकालापूर्वी बोलपट मूळ ग्रंथाशी ताडून पाहावा, असा तो नियम मीच उत्साहाच्या भरात लिहिला होता. ‘बायजेचे माहेर’ ही १९११ सालची कादंबरी, वाचनालयात प्रत एक, सभासद पाच, मुदत पंधरा दिवस. पाळीपाळीने वाचल्यास मे उजाडला असता. तेव्हा शेठनी तोडगा काढला. उखर्डू बाइंडरला बोलावून पुस्तकाची शिवण उसवली आणि पाच सारखे भाग करून प्रत्येकाला एकेक दिला. पहिला भाग माझ्याकडे आला. मजकूर दाट आहे, असा शेरा मी त्यावर मारला.

पंधरा दिवसांनी चौघांचे अहवाल आले की, आमच्या भागात बोलपटाविरुद्ध काही आढळले नाही. शेवटचा भाग कुंदाबाईंकडे होता. त्या सभेला आल्या तेव्हा डोळे सुजलेले होते.

“यात बायजा मरते,” त्या म्हणाल्या.

“मरते? कुठे मरते?” शेठ खुर्चीत सावरून बसले.

“वाटेत. आखाजीच्या सणाला भाऊ मुऱ्हाळी येईल, आपल्याला माहेरी नेईल म्हणून ती दाराशी बसते. बाकीच्या सुनांचे भाऊ येतात. हिचा येत नाही. मग एकटीच पायी निघते, वैशाखाच्या उन्हात. माहेरच्या शिवेवर पडते ती उठतच नाही.”

“असं कसं? भाऊ मोटार घेऊन येतो की! मी स्वतः वीस वेळा पाहिलंय. मग झोक्यावरचं गाणं होतं.”

“पुस्तकात मोटार नाही, शेठ.”

“मग पुस्तकात चूक आहे,” शेठ म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली.

माझी मान उगाच डोलली नव्हती. दप्तर पाहता ती कादंबरी बावीस वर्षांत चार वेळा घरी गेली होती. बोलपट एकट्या धुळ्यात चाळीस हजार लोकांनी पाहिला होता. चाळीस हजारांनी भावाला येताना पाहिले आणि चौघांनी न येताना वाचले. घटना लागू होऊन चार वर्षे झालेल्या देशात बहुमत कोणीकडे, हे मी सांगायला नको. शिवाय निकृष्टाचा प्रश्नही आपसूक सुटला. अहवालात मी लिहिले : ‘सर्वोत्तम रूपांतर – बोलपट. सर्वात निकृष्ट रूपांतर – मूळ कादंबरी. लेखक कैलासवासी असल्याचे समजते, सबब हरकत संभवत नाही.’ कुंदाबाईंनी विरोध नोंदवला. इतिवृत्तात विरोधाचा रकाना नसल्यामुळे त्या जागी ‘चर्चा झाली’ असे घातले.

आता, समितीने निकृष्ट ठरवलेले पुस्तक वाचकांच्या हाती देणे हा बेजबाबदारपणा झाला असता. म्हणून ते दुरुस्त करण्याचे ठरले. टॉकीजच्या दारात बोलपटाच्या गाण्यांची चोपडी मिळते. तिच्यात कथासारही असते. शेवटच्या भागातले अखेरचे प्रकरण काढून त्याजागी ती चोपडी शिवावी, असा ठराव झाला. चोपडीतले कथासार भाऊ मोटारीत बसतो तिथवर येते आणि मग लिहिलेले असते : ‘पुढे काय होते? ते रुपेरी पडद्यावरच पाहा!’ अभिजात वाङ्मयाचा इतका उपयुक्त शेवट मी तरी दुसरा पाहिलेला नाही. काढलेली पाने उखर्डूने वाया घालवली नाहीत. नव्या पुठ्ठ्यात भर हवी होती, ती त्याने त्यांचीच केली आणि खळीने पक्की चिकटवली. म्हणजे हिशोबाने एकही पान वाचनालयाबाहेर गेले नाही.

निकाल वर्तमानपत्रात आला आणि एप्रिलात एक वाळकासा म्हातारा टोपी हातात घेऊन माझ्या टेबलासमोर उभा राहिला. पिंपळनेरच्या एस. टी. ने आला होता.

“मी तोताराम मास्तर. ‘बायजेचे माहेर’ मी लिहिलं.”

“आमच्या अहवालात आपण कैलासवासी आहात,” मी म्हणालो.

“त्यात दुरुस्ती होईल का?”

“अहवाल मंजूर झालाय, आबा.”

ते यावर हसले नाहीत. तीनशे प्रती छापल्या होत्या, छापखाना बुडाला, घरातल्या प्रती वाळवीने खाल्ल्या. आता ठाऊक असलेली प्रत हीच एक, ती एकवार पाहू द्या, एवढेच त्यांचे मागणे होते. मी प्रत दिली. त्यांनी सरळ शेवटचे पान उघडले. तिथे नटी झोक्यावर बसलेली होती. आबांनी पान उलटले, परत उलटले. शुद्ध मराठीत बोलणारा माणूस एकदम घरच्या बोलीवर आला.

“भाऊ, शेवटलं कोठे शे?”

मी पुठ्ठ्याकडे बोट केले. त्यांनी पुठ्ठ्यावरून तळहात फिरवला, नखाने कड उचकटून पाहिली. उखर्डूचे काम पक्के असते.

“ती मन्ही बहीण व्हती,” ते म्हणाले. “दिपोटी साहेब साळा तपासाले येनार व्हता, म्हनीसन मी तिले लेवाले गऊ नही. दिपोटी बी उना नही. हाई बठ्ठास्ले सांगानं व्हतं, म्हनीसन लिखं. दुसरं काय नही.”

शाळातपासणीपायी हे बहिणीला आणायला गेले नाहीत आणि तपासनीसही आला नाही, हे ऐकून मला वाईट वाटले, हे मी नाकारत नाही. परंतु वाईट वाटल्यावर काय करावे याचा नियम नव्हता. सूचनापुस्तकात केवळ सभासदाला लिहिता येते, लेखकाला नाही. तसे मी त्यांना सांगितले. कुंदाबाई तिथेच होत्या. पुठ्ठा भिजवून पाने सोडवू या, असे त्या म्हणाल्या. वाचनालयाची वस्तू भिजवण्यास अध्यक्षांची परवानगी लागते, म्हणून मी शेठकडे गेलो.

लेखक जिवंत आहे असे ऐकताच शेठना मनापासून आनंद झाला. “सत्कार!” ते म्हणाले. “आखाजीच्या आदल्या दिवशी, टॉकीजमध्ये. वर शेवटचं रीळ सर्वांना फुकट!” भिजवण्याचा विषय त्यांनी पावसाळ्यानंतर घ्यायला सांगितला.

त्या दिवशी टॉकीजमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खेड्यापाड्यांकडे जाणाऱ्या गाड्या निम्म्या रिकाम्या गेल्या म्हणतात. शेठनी आबांच्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि लाउडस्पीकरवर सांगितले, “बंधूंनो, बायजा खरी होती! आणि तिला वैशाखाच्या उन्हातून माहेरी आणणारा तो भाऊ, तो हा तुमच्यापुढे उभा आहे!”

टाळ्या थांबेनात. आबा लाउडस्पीकरपाशी आले.

“मी गऊ नही,” ते म्हणाले.

टाळ्या मधेच थांबल्या.

“मी तिले लेवाले गऊच नही. ती मरी गयी.”

“पाहा!” शेठ कडाडले. “इतकं करूनही माणूस श्रेय घेत नाही! याला म्हणतात विनय!”

पुन्हा टाळ्या पडल्या, पहिल्यापेक्षा मोठ्या. आबांचे ओठ हलत राहिले, पण ऐकू काही येत नव्हते. शेठनी खूण केली, दिवे गेले आणि रीळ सुरू झाले. कुंदाबाईंनी वर जाऊन म्हाताऱ्याला हाताला धरून खाली आणले. पडद्यावर भाऊ मोटारीतून उतरला तसे सगळे सभागृह रडू लागले. मीही रडलो. अध्यक्ष तर उपरणे तोंडाला लावून बसले होते.

बाहेर व्हरांड्यात आबा भिंतीला टेकून बसले होते, नारळ मांडीत. कुंदाबाई माझ्याकडे वळल्या. “आत सहाशे भाऊ बसलेत. उद्या आखाजी. यांच्या बहिणींना आणायला कोण गेलंय?”

“असेल कोणी गेलेलं,” मी म्हणालो.

“तुमच्या बहिणीला, शेवंताबाईला? पारोळ्याला?”

एवढा कार्यक्रम अंगावर असताना मी पारोळ्याला कसा जाणार? तरी मी तिला विसरलो नव्हतो. ‘बायजेचे माहेर’चा पास मी तिला पोस्टाने पाठवला होता. कुंदाबाई आबांना घेऊन एस. टी. स्टँडकडे गेल्या. त्यांचा राजीनामा दुसऱ्या दिवशी आला आणि नियमाप्रमाणे मंजूर झाला.

वाचकहो, हे वाचताना बायजेसाठी आपलाही जीव हळहळला असेल. आमच्या समितीच्या मते तेवढे पुष्कळ झाले. ‘यंदा कामामुळे येणे जमत नाही’ अशी छापील कार्डे आता वाचनालयात मिळतात. बहिणीचा पत्ता तेवढा आपल्या हाताने घालावा.