पाठीनं जागा बघणारे बिराप्पाअण्णा

बिराप्पाअण्णा कोणतीही जागा बघायला गेले की आधी तिच्यावर उताणे झोपतात. चपला काढून बाजूला, टोपी पोटावर, डोळे मिटलेले. पाच मिनिटं हलत नाहीत. बघणाऱ्याला वाटतं, गेला माणूस. मग एक डोळा उघडून निकाल देतात, "पाठ न्हाई म्हणायली."

मुलांनो, तुम्ही त्यांना जेमतेम एक संध्याकाळ पाहिलंत. परवा फोनवर मात्र तुम्ही माझ्या गुडघ्याआधी त्यांची चौकशी केलीत. तेव्हा हे गृहस्थ कोण, ते एकदा नीट लिहून ठेवते.

अण्णा आमचे बीदरचे शेजारी. मोजणी खात्यात तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या. मोजणीच्या सरकारी साखळीवर त्यांचा विश्वास होता असं मात्र वाटत नाही. घराणं मेंढपाळांचं, त्यामुळे जमिनीबद्दलचं सगळं ज्ञान आपल्याला जन्मतःच मिळालं आहे आणि बाकीची माणसं गादीवर झोपून वाया गेली आहेत, अशी त्यांची नम्र समजूत आहे.

तुम्ही डिसेंबरात दोनच दिवस बीदरला येणार होतात आणि तुमची एकच अट होती: तंबूत राहायचं. चांगली जागा मिळाली नाही तर तुमचे बाबा ते दोन दिवस हैदराबादच्या हॉटेलात काढणार होते आणि मी तुम्हाला विमानतळावर बघणार होते. तीन वर्षांनी. म्हणून मी वहीत तक्ता आखला. जागेचं नाव, अंतर, संडास, दवाखाना, फोनची रेंज. असे बारा रकाने.

कंपाउंडवरून आवाज आला, "कशाची यादी करायलाव, अक्का?"

मी सांगितलं. ती माझी चूक.

"ह्यात वाऱ्याचा रकाना कुठाय? ढाळाचा? मुंग्यांचा?"

"मुंग्यांना कोण विचारतं, अण्णा?"

"तुमी न्हाई इचारलं तर रातच्याला त्या इचारतात."

पुढच्या रविवारी ते माझ्या आधी रिक्षात बसले होते.

पहिली जागा हुमनाबाद रस्त्यावरची. तंबूला एसी, तंबूला काचेचं दार, तंबूच्या आत झुंबर. तंबू सोडून सगळं होतं. बाहेर प्लास्टिकची हिरवळ. अण्णांनी चपला काढल्या आणि तिच्यावर आडवे झाले. टाय लावलेला मॅनेजर पळत आला.

"चाचा! क्या हुआ जी? डॉक्टर कू बुलाऊं?"

"गप बस जरा," अण्णा डोळे न उघडता म्हणाले. "पाठ ऐकायली."

पाच मिनिटांनी उठून त्यांनी मॅनेजरला शांतपणे सांगितलं की त्याची जमीन मेलेली आहे. तो सुशिक्षित असावा. त्यानं फक्त आमच्यासाठी फाटक उघडलं.

दुसरी जागा तळ्याकाठची. माझ्या तक्त्यात तिला बारापैकी दहा गुण होते. अण्णांनी बोटानं माती उकरली. "मुंगीचं एक बी वारूळ न्हाई. मुंगी काय येडी हाय? पाणी वर येतंय हितं." तिसऱ्या ठिकाणी जमिनीचा ढाळ, म्हणजे उतार, डोक्याकडं होता. चौथ्या ठिकाणी सगळं बरोबर होतं, पण पाठ न्हाई म्हणाली. का, ते पाठीनंही सांगितलं नाही.

"अण्णा," मी म्हटलं, "मुलं एकदाच येणार आहेत. तुमच्या पाठीपायी ती हैदराबादला गेली तर मी तुमच्याशी जन्मात बोलणार नाही."

ते टोपी घालून रिक्षात जाऊन बसले.

तुम्ही यायच्या चार दिवस आधी ते सकाळी दारात उभे. कपड्यांवर तांबडी माती. "औरादच्या अलीकडं, तुरीच्या रानाला लागून माळ हाय. मालक वळखीचा हाय. पाठ व्हय म्हणाली, अक्का." आणि त्यांनी जाहीर केलं, "शनवारी मी पैल्या बशीनं पुढं जातो. तुमी मागून या."

"लोकेशन पाठवाल ना?"

"पाठवतो की."

शनिवारी लोकेशन आलं नाही. फोन लागेना, रेंजचा रकाना त्यांनीच खोडायला लावला होता. बाबांनी नकाशात 'औराद' टाकलं आणि आम्ही पाच जण निघालो. पुढचं तुम्हाला आठवत असेल. औरादच्या अलीकडे तुरीची रानं आहेत, आणि तुरीच्या रानांखेरीज काही नाही.

एका फाट्यावर रस्त्याच्या मधोमध कडुनिंबाची डहाळी होती, तिच्यावर दगड. धाकटीनं विचारलं, "आजी, ही पानं कोणी ठेवली?"

मी इंग्रजी शाळेत शिकले, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. तरीही मी म्हणाले, "उतारा आहे. कुणाची तरी दृष्ट काढून टाकलेली दिसते. ओलांडू नका. गाडी दुसऱ्या रस्त्याला घ्या." पुढच्या फाट्यावर पुन्हा डहाळी. पुन्हा मी गाडी वळवायला लावली. तिसऱ्या फाट्यावरची डहाळी एक शेळी खात होती, आणि या भागात इतक्या लोकांना दृष्ट कशी लागते, याचं मला आश्चर्य वाटत होतं.

चार वाजले. तुम्ही मागे भुकेनं कुरकुरायला लागलात. आई हळूच म्हणाली, हैदराबाद अजून गाठता येईल. तेवढ्यात शेळीमागून तिची मालकीण आली. मी तिला रस्ता विचारला आणि उताऱ्यांची तक्रारही केली.

ती पदर तोंडाला लावून हसली. "उतारा कामून आसंल, अक्का? फुडं गेलेल्या माणसाची खूण हाय ती. आमची लोकं मेंढरं घेऊन निघाली की एक जण फुडं जाऊन जागा धरतो. डहाळीचं टोक जिकडं, तिकडं त्यो."

लोकेशन आलं होतं. तीन वेळा. मीच ते चुकवलं होतं.

माळावर पोचलो तेव्हा साडेपाच झाले होते. अण्णा घोंगडीवर बसून रस्त्याकडे बघत होते. एका खोलीएवढी जागा काटा-खडा वेचून साफ केलेली, चुलीचे तीन दगड मांडलेले, घागरीत पाणी. बाजूला फडक्यात बांधलेली भाकरी, गाठसुद्धा न सोडलेली.

तुम्ही गाडीतला तंबू उतरवायला पळालात. मी त्यांच्यावर उखडले. "अण्णा, सकाळपासून जेवला नाहीत?"

"फुडं गेलेल्यानं मागची माणसं आल्याबिगर जेवायचं नसतंय."

"आणि आम्ही आलोच नसतो तर?"

त्यांनी टोपी झाडली. "बारा वर्साचा हुतो, तवा बापानं मला पैल्यांदा फुडं धाडलं. सांजच्याला मेंढरं दिसली की लई बरं वाटायचं बघा. मग मेंढरं इकली, नोकरी लागली. बीदरच्या घराची जागा बी अशीच बघितली, आठ दिस झोपून. वरच्या दोन खोल्या पोरासाठी. त्यो बेंगळुरास्नं म्हनतो, येतो अप्पा, येतो." त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. "आपुन फुडं आलो, म्हनून बसायचं."

मी डबे काढायला लागले.

अण्णा उभे राहिले आणि बोट उचलून आम्हाला मोजायला लागले. तुम्ही दोघं, आई, बाबा, मी. "पाच," ते म्हणाले. "आली सगळी."

"सहा," मी म्हटलं. "मोजणी खात्यात होतात ना? नीट मोजा."

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. शेवटी बोट स्वतःच्या छातीवर टेकवलं, आणि खाली बसून भाकरीची गाठ सोडली.