वाळवीसाठी आखलेली रेघ

पेस्ट कंट्रोलवाल्याला न बोलावता वाळवी घराबाहेर काढायची, असं मी ठरवलं तेव्हा माझ्या एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात मोबाइल होता. (माझे बहुतेक निर्णय याच अवस्थेत होतात.)

करंजाड्याच्या आमच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बेडरूमच्या चौकटीला वाळवी लागली होती. आणि चौकटीपासून जरा पुढे माझ्या बायकोचं, रंजिताचं, सागवानी कपाट. लग्नात तिच्या वडिलांनी गव्हाण गावाहून टेम्पोत घालून पाठवलेलं. सासरे आले की आधी कपाटावर टकटक करतात, आवाज ऐकतात आणि मगच जावयाला ‘बरे हाव ना?’ विचारतात. रविवारी ते येणार होते.

“कपाटाला काही झालं, तर बाबांना तुम्हीच सांगायचं,” रंजिता म्हणाली.

“अगं, पुढची वाळवी वास सोडत जाते, मागची त्या वासावर चालते. बॉलपेनच्या शाईचा वासही तिला तसाच वाटतो म्हणे! आपण रेघ मारू, ती बाहेर जाईल.”

“आपल्या पायांनी?”

“मग काय, रिक्षा करून देऊ?”

मी कागदावर बॉलपेनने गोल काढला आणि त्यावर थोडी वाळवी सोडली. खोटं वाटेल, पण ती रेघेवरून गोल गोल फिरू लागली. (पनवेल स्टेशनबाहेर पार्किंग शोधणारे फिरतात, तशी.) रंजिताने चक्क मान डोलावली. आमच्या संसारात हे क्वचितच घडतं.

शनिवारी मी चौकटीपासून भिंतीच्या कडेने रेघ ओढत निघालो. कपाटाशी आलो, मागच्या फटीत हात घातला आणि रिफिल संपली. (कारकुनाच्या घरात पेनं असतात, शाई नसते.) झटकलं, फुंकलं, घासलं. शेवटी ठेवणीतलं जेल पेन काढलं आणि बाल्कनीपर्यंतचा रस्ता झोकात पुरा केला. बाणसुद्धा काढले.

सकाळी पाहतो तर चौकटीतून वाळवीची रांग निघालेली. अगदी शिस्तीत. थेट कपाटापर्यंत! पुढच्या रेघेवर चिटपाखरू नव्हतं.

“बाहेर का नाही गेली?” रंजिताचा आवाज चिरका झाला.

“पुढची शाई जेलची, तिला तो वास नाही,” मी पुटपुटलो.

तेवढ्यात बेल वाजली. सासरे आत आले ते सरळ कपाटाकडे. टकटक. कान लावला. रंजिताने माझं मनगट आवळलं. (तळमजल्याच्या बाल्कनीतून उडी मारता येते, हा विचार मनात येऊन गेला.)

“लाकूड शाबूत हाय,” सासरे म्हणाले. “पन ही रांग मागं कंच्या कामाला चाललीय?”

आम्ही कपाट सरकवलं. त्याच्या मागच्या फळीवर, अगदी तळाशी, माझी सही होती. एकावर एक, चार-पाचदा. रिफिल चालते का बघताना हात आपसूक सही गिरवतो, त्यात उरलीसुरली शाई तिथेच उतरली होती. सगळी वाळवी त्या वेटोळ्यांत घुमत होती. लाकडाला तोंड लावायला एकीलाही सवड नव्हती.

“बघ! माझ्या सहीने वाचलं तुझं कपाट,” मी छाती फुगवली.

सासऱ्यांनी वाकून सही नीट पाहिली. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“जावय, इतकी वर्सं हापिसात सह्या करता तुमी. तुमच्या सहीनं कुनाचा काम अडलेला, आज पयल्यांदा बगला.”