टिपणीसकाकांची सरकारी रायफल

टिपणीसकाका झुरळसुद्धा मारत नाहीत. कागदावर अलगद उचलून अंगणात सोडून येतात. अमेरिकेतल्या प्लेनोत माझ्या शेजारी राहणाऱ्या या बहात्तर वर्षांच्या रिटायर्ड इंजिनियरने एका सकाळी मला फोन करून सांगितलं, "मीनल, मी रायफल घेतोय. सरकारी आहे, काळजी नको."

सैन्याने वापरून झालेल्या जुन्या रायफली इथे एका अधिकृत योजनेतून सामान्य नागरिकांना विकतात. फक्त कागद पक्के हवेत. आणि कागद म्हटलं की काकांच्या अंगात येतं. शाम्पूच्या बाटलीवरच्या सूचना पूर्ण वाचल्याशिवाय हा माणूस आंघोळीला जात नाही! नागरिकत्वाचा पुरावा, नेमबाजी क्लबची मेंबरशिप, सेफ्टी कोर्सचं सर्टिफिकेट, सगळ्याच्या तीन-तीन कॉप्या. कोर्सला मीच त्यांना ड्राइव्ह करून नेलं. अर्जावर शिक्का मारताना नोटरीबाईंनी सहज विचारलं, "शिकार करता का?" काका दचकलेच. "छे छे, मी व्हेजिटेरियन आहे!"

काही महिन्यांनी लांबलचक खोका आला. काकांनी इस्त्रीचा शर्ट घालून सही केली. रायफल महायुद्धाच्या काळातली, लाकूड काळपट, सगळीकडे ग्रीसचा वास. "माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे, अहोजाहो करायला हवं," म्हणाले आणि खरंच "या, बसा" करत त्यांनी तिला टेबलावर ठेवलं.

त्या रविवारी रिकामी रायफल पुसताना बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा लोखंडी दांडा, खटकन पुढे आला आणि काकांचा अंगठा त्यात सापडला. नख निळं झालं. मी पट्टी बांधत होते, तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला. त्यांची मुलगी अनघा. इथेच जन्मलेली, काकांचा विरोध असताना आर्मीत गेलेली. तेव्हापासून दोघांचं बोलणं "जेवलीस?" आणि "येस, बाबा" यापुढे जात नसे. काकू गेल्यावर तर तेही आटत चाललं होतं.

अनघाने अंगठा पाहिला. "वेट. बाबा, डिड अ रायफल डू दॅट?"

काकांनी अपराध्यासारखी मान डोलावली. अनघा खो खो हसत सुटली. मग पाऊण तास ती बोल्ट कसा धरायचा, हात कुठे ठेवायचा ते दाखवत राहिली आणि काका डाव्या हाताने वेडंवाकडं लिहून घेत राहिले. शेवटी म्हणाली, "डोन्ट टच इट, बाबा. मी थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत येते. वुई विल गो शूटिंग टुगेदर."

फोन बंद झाल्यावर काकांनी लिहून घेतलेला कागद नीट घडी करून खिशात ठेवला.

"तिच्याशी काय बोलावं तेच सुचायचं नाही गं," ते हळूच म्हणाले. "तिला येतं आणि मला येत नाही, असं काहीतरी घरात हवं होतं."

मग चष्मा पुसून उठले. "चल, दुकानात जाऊ. गोळीचा आवाज अडवायला कानांवर लावायचे मफ मी एकट्यापुरतेच घेतलेत."