पकड सोडवायचं औषध

"बाटलीत काय आसा ता आधी सांग. मगेच गाऱ्हाणा घालतलंय," विठोबाआजोबांनी नातवाला बजावलं.

चंदन घड्याळाकडे बघत होता. अंगठ्याएवढ्या बाटलीच्या तळाशी चिमूटभर पांढरी पूड होती. पुण्याच्या प्रयोगशाळेत तीन वर्षं खपून त्याने ती बनवली होती. संध्याकाळच्या आत ती चाचणीसाठी गोव्याच्या प्रयोगशाळेत, तीही गार, पोचली नाही तर पीएचडी पुन्हा पहिल्यापासून. गावी, मिठबावला, तो उतरला होता फक्त थर्मासात ताजा बर्फ भरायला. पण देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय आई, सत्यवती, उंबरा ओलांडू देईना. "व्हय म्हाराजा" म्हणायला सगळी वाडी अंगणात जमली होती.

"आजोबा, अंगात एक प्रोटीन आसता. ता आरएनएक धरून बसता. कर्करोगात तर सोडूकच तयार नसता. ही पूड मधी जावन बसता आणि पकड सुटता."

आजोबांनी गंभीरपणे विचार केला. "देवाक आरएनए कळाचा नाय. मी तेका समजात असा सांगतंय."

त्यांनी बाटली मुठीत घेतली, डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! जो कोण दुसऱ्याचा धरून बसलो आसात, तेची पकड सोडव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"नाय सोडल्यान, तर तेका बघून घे रे म्हाराजा!"

हे शेवटचं चंदनने सांगितलेलं नव्हतं. या वेळी "व्हय म्हाराजा" जरा बारीक आवाजात आलं.

मग शेजारचा बाबली उठून घरी गेला आणि खांद्यावर नांगर घेऊन आला. आजोबांच्या होडीचा हा नांगर समुद्रात बुडाला, असं सगळे धरून चालले होते.

"दर्यात गावलो," बाबली म्हणाला. नांगराला ताजा हिरवा रंग होता. बाबलीच्या होडीचा.

"ही तुझी आदोळी गो, सत्यवती," हौसाबाईने खोबरं खवायची आदोळी ओट्यावर ठेवली. "तुझ्या लग्नात नेललंय. आत्ताच आठवला."

भाईने बोकड आणून खुंट्याला बांधला.

"ह्यो आमचो नाय रे," सत्यवती म्हणाली.

"तुमचो नसांदे. पण माझो पण नाय," भाई म्हणाला आणि हात जोडून गेला.

बातमी पार कुणकेश्वर गावापर्यंत गेली असावी. कोणी एक अनोळखी गृहस्थ आला, दारात सायकल टेकवली आणि चालत परत गेला.

रस्त्यावर गोव्याच्या एसटीने हॉर्न दिला.

"आजोबा, बाटली."

"खुळो काय तू? असला औषध गोव्याक धाडतलस? ह्या आता देवळात रवतला."

चंदनने त्यांची मूठ उघडायचा प्रयत्न केला. आजोबांनी साठ वर्षं जाळी ओढली होती. थर्मासातल्या बर्फाचं पाणी होत होतं. तेवढ्यात पीएचडीच्या सरांचा फोन आला.

"निघालास ना? काय वाटतं, काम करेल औषध?"

"करतंय, सर. फार जोरात. फक्त नको तिथेही लागू पडतंय."

"ते नंतर बघू. पकड सुटते ना?"

चंदनने नांगराकडे पाहिलं, बोकडाकडे पाहिलं. एसटीचा हॉर्न दूर जात होता.

"एक सोडून सगळ्या, सर."