डावी बाजू ओके

"संध्याकाळी सोपानराव येतायत," पद्माने पोह्यांची बशी नंदकिशोरपुढे ठेवत सांगितलं. "गाडी बघणार, चावी घेणार. सलिलने सगळं ठरवलंय."

सलिल म्हणजे पद्माचा रावेतचा भाऊ. बहिणीने नुसतं 'हं' म्हटलं तरी गिऱ्हाईक घेऊन येणारा. नंदकिशोरने चमचा बशीत ठेवला. संत तुकाराम नगरमधल्या त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या त्या जुन्या राखाडी गाडीवर त्याचा जीव होता. पद्माचा गाडीवर तसा राग नव्हता. पण गाडीतला टेप कधीचाच बंद पडला होता आणि रोज सकाळी भोसरीच्या शाळेत पोचेपर्यंत तिला नवऱ्याचं बोलणं ऐकावं लागे. नंदकिशोर चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होता. दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायच्या, हे त्याचं काम. नाशिक फाट्याला गाडी अडकली की तो आदल्या दिवशीच्या चुका बायकोला सविस्तर ऐकवत असे.

"अगं, पण मी नवीन स्टिरिओ आणलाय ना!"

"दिवाळीत आणलाय. कपाटावर आहे. त्याच्यावरची धूळ मी पुसते."

"आज बसवतो. मी स्वतः."

"दुकानात न्या हो."

"दुकानात? अख्खं आयुष्य गाड्यांच्या कंपनीत गेलं माझं. लोक काय म्हणतील?"

पद्मा शाळेत गणित शिकवायची. ती अट घालताना पळवाट ठेवत नसे. "ठीक आहे. सोपानराव यायच्या आत गाडीत गाणं वाजलं तर गाडी राहील. नाही वाजलं तर चावी त्यांच्या हातात."

नंदकिशोर पोहे अर्धे टाकून खाली पळाला. पहिला बराच वेळ त्याने नव्या स्टिरिओची तपासणी केली. खोक्यावर एक ओरखडा सापडला, तेव्हा कुठे त्याला बरं वाटलं. मग त्याने जुना टेप ओढून पाहिला. तो हलेना.

पिंपरी-चिंचवडच्या सोसायटीत कुणी गाडीचं दार उघडून आत वाकलं की माणसं आपोआप गोळा होतात. सगळ्यात आधी दुसऱ्या मजल्यावरचा ज्योतीराम आला. तो गाड्या जोडायच्या लाइनवर होता.

"सरका राव," तो म्हणाला. मग टेपकडे बराच वेळ बघत राहिला. "हे काढायचंय व्हय? मला वाटलं बसवायचंय."

"काढल्याशिवाय बसवणार कसं?"

"आमच्याकडं काढायचं काम नसतंय. नवीन गाडी येती, आमी बसवतो, गाडी पुढं जाती. त्यातबी माझ्याकडं फक्त डावी बाजू."

तेवढ्यात बुद्धरत्न आला. तो वायरिंगच्या कंपनीत सुपरवायझर होता. त्याने टेपच्या फटीतून मोबाइलचा उजेड मारला आणि कपाळाला हात लावला. आधीच्या मालकाने सगळ्या वायरी काळ्याच जोडल्या होत्या.

"भावा, लाल कुठली, पिवळी कुठली? आमच्याकडे रंग बघून काम चालतं. या वायरी कुठून निघाल्यात ते बघायला डॅशबोर्ड उघडावा लागेल."

"मग उघडा!"

"उघडायचं तर सनीला बोलवा. तो रिवर्कला आहे."

रिवर्क म्हणजे बिघडलेल्या गाड्या खोलून दुरुस्त करायचं खातं. सनी जांभया देत आला, पण पाना हातात घेतल्यावर त्याचे डोळे चमकले. टेपला हात न लावता त्याने आधी पुढच्या सीटा काढल्या, कारण त्याशिवाय बसायला जागा होत नव्हती. मग डॅशबोर्ड काढला. स्पीकर दारांत होते म्हणून दारांची अस्तरं काढली. नंदकिशोर "बास, बास" म्हणत होता, तोवर गाडी आतून कोऱ्या पत्र्याची झाली होती.

"आता कशी दिसते मोकळी!" सनी म्हणाला.

बुद्धरत्नने वायरी शोधल्या, नव्या स्टिरिओला जोडल्या, आणि जमिनीवर मांडलेल्या स्पीकरमधून खणखणीत लावणी सुरू झाली. चौघांनी एकमेकांना टाळ्या दिल्या. नंदकिशोरने वर बघून हाक मारली. पद्मा चहा घेऊन खाली आली आणि जागच्या जागी उभी राहिली.

"वाजलं!" नंदकिशोर म्हणाला.

"गाडीत म्हटलं होतं मी. यात गाडी कुठली?"

"आत्ता बसवतो की सगळं. सनी!"

पण गेटवर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. "सेकंड शिफ्ट आहे माझी," सनी हात पुसत पळाला. "बसवायला ज्योतीरामभाऊ आहेत ना!"

ज्योतीराम खरंच होता. त्याने डाव्या दाराचं अस्तर, डावी सीट आणि डॅशबोर्डची डावी कड बघता बघता अशी बसवली, की कंपनीतसुद्धा कुणी बोट ठेवलं नसतं. मग तो हात झटकून बाजूला झाला.

"डावी बाजू ओके."

"आणि उजवी?"

"ती बाजू लाइनवर पवारची. तो गावाला गेलाय."

सोपानराव आले तेव्हा गाडी अशी अर्धी उभी होती. पद्मा त्यांना लगबगीने डावीकडे घेऊन गेली. "बघा, काही झालेलं नाही गाडीला." नंदकिशोरने त्यांच्या कोपराला धरून त्यांना उजवीकडे ओढलं. "इकडून बघा ना. सगळं खोललंय. तुम्हाला नाही आवडायची." आयुष्यात पहिल्यांदाच तो स्वतःच्या कामातल्या चुका मनापासून दाखवत होता.

सोपानरावांनी उजवी बाजू वाकून बघितली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"लई झ्याक! आमचं निम्मं काम केलं की तुमी. पर ही डावी कशापायी बसवली? पुन्हा खोलावी लागंल."

ज्योतीरामचा चेहरा पडला.

"खोलायची कशाला?" पद्माने विचारलं. "तुम्ही गाडी चालवायला घेताय ना?"

"न्हाई वो ताई. चिखलीला माझं जुन्या पार्टांचं दुकान हाय. सलिलभाऊंनी सांगितलं न्हाई व्हय? दारं येकाला, इंजन येकाला. हा पत्रा भंगारात."

"आणि ही सीट?" पद्माने आपल्या डाव्या सीटवर हात ठेवला.

"ही जाईल येखाद्या टेम्पोत."

पद्माला एकदम कसंतरी झालं. गाडी दुसऱ्याच्या दारात उभी राहील, एवढंच तिने मनात धरलं होतं. तिचे असे तुकडे होतील, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. ती दार उघडून आपल्या सीटवर जाऊन बसली. खाली जमिनीवर लावणी चालूच होती.

"आम्हाला नाही विकायची," ती आतूनच म्हणाली.

"पण अगं," नंदकिशोर चाचरला, "गाडीत गाणं..."

"मी गाडीत बसलेय ना? मला ऐकू येतंय. वाजलं."

नंदकिशोरला काय करू नि काय नको असं झालं. तो उजव्या दाराने उडी मारून आत बसायला गेला आणि थेट पत्र्यावर आपटला. त्याची सीट भिंतीपाशी होती आणि तिच्यावर बसून सोपानराव त्याचाच चहा पीत होते.

"लई मऊ हाय," सोपानराव सीट चाचपत म्हणाले. "गाडी ऱ्हाऊ द्या ताई. ही येकटी तरी द्या."

आणि रोजचा नाशिक फाटा आठवून पद्मा चक्क विचारात पडली.