बाबारावांची पाटी

संघदीपनं पुण्याहून पाठवलेलं खोकं उघडल्यावर बाबारावांनी आतली काळी पाटी उलटी केली, सुलटी केली आणि शेवटी नाकाशी नेली. कशाचाच वास आला नाही.

"यात ग्रंथ हाय?" त्यांनी फोनवर पोराला विचारलं.

"एक कायचा बाबा, हजार मावतात. अक्षर पाह्यजे तेवढं मोठं होते, बोटानं चालते. अन् एकदा चार्ज केलं का तीन हप्ते पाहाचं काम नाही."

बाबाराव हे एसटीचे निवृत्त कंडक्टर. दिग्रस-पुसद रस्त्यावरचे थांबे झोपेतून उठवलं तरी ओळीनं म्हणून दाखवतील असे. वर्षावासाचे पावसाळी तीन महिने गावच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होई आणि एकतीस वर्षं ते बाबारावच करत. त्याचं मानधन नव्हतं की सत्कार नव्हता. पण त्या चौरंगामागे बसलं की बाबारावांना आपण अजून कामावर आहोत असं वाटे. मागच्या वर्षी मात्र ते वाचताना ठेचकाळायला लागले. काचबिंदू. यवतमाळच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपा. ही गोष्ट बायको कांताबाईंशिवाय कोणालाच ठाऊक नव्हती. पण विहार समितीचे अध्यक्ष यंदा दोनदा म्हणाले होते, "अंगणवाडीच्या शीलाचा आवाज चांगला हाय बरं." वाचन हातचं गेलं, तर घरात बसून अंधाराची वाट पाहायची एवढंच काम उरणार, हे बाबाराव पक्कं जाणून होते.

पाटीवर अक्षर बोराएवढं करता आलं. डाव्या डोळ्यात उरलेल्या फटीत ते नेमकं मावलं आणि बाबारावांना रडू आलं. पहिल्याच आठवड्यात ऐन वाचनात वीज गेली, तरी पाटीला स्वतःचा उजेड असल्यामुळे वाचन थांबलं नाही. अध्यक्षांनी पाटीकडे पाहून मान डोलावली. बाबारावांकडे पाहिलं नाही.

पण पाटीच्याही खोड्या होत्या. बोराएवढ्या अक्षराचं पान दोन दमांत संपे. ओळीखाली बोट फिरवत वाचायची बाबारावांची शाळेपासूनची सवय, तर बोट जरा रेंगाळलं की पाटी त्या शब्दाचा अर्थ सांगायला बसे. शिवाय उभा जन्म तिकिटं फाडण्यात गेलेला. पान उलटायचं म्हटलं की बोट आधी जिभेवर. ओलं बोट लागलं की पाटी बिथरे. तिसऱ्या संध्याकाळी एका फटक्यात शंभरेक पानं पुढे गेली आणि बाबाराव तसेच वाचत सुटले. पुढच्या रांगेतल्या मथुराबाईंनी हात वर केला.

"बाबाराव, काल तं राजपुत्रासाठी पोरगी पाहाले गेलते. आज घरदार सोडून चालला बी. लगन कवा झालं मंग?"

विहार हसलं. बाबारावही हसले, पण घरी येऊन जेवले नाहीत.

त्यानंतर ते रोज दुपारी कांताबाईंकडून जुना ग्रंथ वाचून घेऊ लागले. एकतीस वर्षांत अर्धा पाठ झालाच होता, उरलेला घोटायचा होता.

मग पावसानं दोन दिवस वीज नेली. ती आली नेमकी वाचनाच्या वेळेला.

"पाटी घडीभर लावा ना चार्जिंगले," कांताबाई म्हणाल्या.

"तीन हप्ते चालते म्हन्ला ना संघदीप! तुले काय समजते त्यातलं?"

संघदीपचा तीन आठवड्यांचा हिशेब बारीक अक्षराचा आणि मंद उजेडाचा होता. विहारात ट्यूबलाइट लखलखत होती, पंचशील झालं, माणसं मांडी घालून बसली आणि तिसऱ्या पानावर पाटी मेली. बाबारावांच्या फटीत नुसता राखाडी रंग उरला. थांबावं, तर सगळं थांबणार होतं.

ते थांबले नाहीत. थांबे म्हणावेत तसं त्यांनी प्रकरण म्हणायला घेतलं. दोन दमांनी बोट जिभेला लावायचं, मेलेल्या पाटीवर फिरवायचं आणि पुढे जायचं. ना शब्द अडला, ना पान उडालं. आयुष्यात इतकं सुरेख वाचन त्यांनी कधी केलं नव्हतं.

वाचन संपलं तसे अध्यक्ष उभे राहिले. "पाह्यलं? याले म्हन्तेत मशीन! एक चूक नाही. अशी पाटी असली तं कोनीबी वाचन करन. आता बाबाराव भाऊले कायले तरास द्यायचा? उद्यापासून शीला वाचन करन." आणि त्यांनी बाबारावांच्या हातातून पाटी काढून शीलाच्या हातात दिली.

बाबारावांनी पाटी बंद होती म्हणावं, तर डोळे गेले हे कबूल करायचं. न म्हणावं, तर जागा गेली. दोन्हीकडून मरण एकच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शीला पाटी घेऊन घरी आली.

"काकाजी, काल हे कवा बंद पडलं?"

"तुह्या हातात आल्यावर पडलं असन."

"मी घरी नेलं तं बंदच होतं. चार्जिंगले लावलं, तं कालच्या वाचनाचं तिसरंच पान उघडलं. अन् तुमी तं पुरं प्रकरण वाचलं."

कांताबाई पदराला हात पुसत दारात उभ्या राहिल्या.

"मले दिसत नाही, शीला," बाबाराव म्हणाले. "उजवा डोया गेला. डाव्यात दाराच्या फटीएवढं हाय, ते बी चाललं. तू वाच. तुहा आवाज खरंच चांगला हाय."

शीला पाटी घेऊन निघून गेली. कांताबाईंनी केलेला चहा तसाच निवला.

त्या संध्याकाळी पंचशील म्हणताना, खोटं न बोलण्याच्या चौथ्या शीलाला शीलाचा आवाज जरा बारीक झाला. मग ती उभी राहिली.

"अध्यक्षसाहेब, हे मशीन माहं बोट घेत नाही."

"काहून नाही घेत?" अध्यक्षांनी अंगठा दाबला, तर्जनी दाबली, मग पाचही बोटं लावली. पाटी काळीच राहिली. ती शीलानं खालच्या कडेचं बटन दाबून बंद केली होती, हे कोणाला माहीत? पाटी रांगेतून फिरली. कापूस वेचून रापलेली, निंदणाची, जिनिंगची, सगळी बोटं तिनं नाकारली. कोणालाच नवल वाटलं नाही.

"रेशनचं मशीन बी माहा अंगठा घेत नाही," मथुराबाई म्हणाल्या. "तीन महिने झाले, दुकानवाला 'उद्या ये आजी' म्हन्ते. मशीन म्हन्लं का असंच असते, बाप्पा."

शेवटी शीलानं पाटी बाबारावांच्या हातात दिली आणि त्यांचं बोट हळूच बटनावर नेलं. उजेड पडला.

"वळखलं!" सगळं विहार एकदम म्हणालं. अध्यक्षांनी तिथल्या तिथे ठराव केला की, मशीन बाबाराव भाऊच्याच बोटाचं, वाचन त्यांचंच. शीला पान सांभाळायला म्हणून बाजूला बसली. मांडीवर जुना ग्रंथ उघडा ठेवून ती अडलेला शब्द खालच्या आवाजात पुरवत राहिली.

विहार रिकामं झालं, शीला सतरंजी गुंडाळू लागली, तेव्हा मथुराबाई काठी टेकत बाबारावांपाशी आल्या.

"बाबाराव, मशीन तुह्यं बोट मानते, तं उद्या माह्यासंगं रेशनच्या दुकानात चालतं का? तुह्यं बोट पाहून राशन सोडन एखाद्यावक्ती."

बाबारावांना हसू आलं नाही. "येतो मावशी. पन मले हात धरून न्या लागन."

"काहून? रस्ता तं पाठ हाय तुह्या."

"रस्ता पाठ हाय. दुकान दिसत नाही."

मथुराबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, मग काठी डाव्या हातात घेऊन उजव्या हातानं त्यांचं मनगट धरलं.

"चाल मंग. माहा अंगठा नाही, तुहे डोये नाही. दोघायचं मिळून एक गिऱ्हाईक तं भरनच." पायरीशी आल्यावर त्या थांबल्या. "अन् उद्या जाता जाता ते त्या दिवशी उडालेलं लगन तेवढं म्हनून दाखव. माहं आयकाचं राह्यलं हाय, अन् तुह्या तं पाठच हाय."